खिडक्यांऐवजी अख्खं जहाजच उजळतंय? अंतराळयानाच्या किटमधली प्रकाशगळती

अंतराळयानाच्या मॉडेलचं प्लास्टिक किट जोडून झालं, दिवे आत बसले, खोलीतली ट्यूब बंद केली, आणि खिडक्यांचे ठिपके दिसायच्या ऐवजी यानाची अख्खी बशीच (पुढचा चपटा गोल भाग) आकाशकंदिलासारखी उजळली. सांध्यावरून एक पांढरी रेघ धावतेय, प्रत्येक खिडकीभोवती धुरकट वलय आहे, आणि जिथे एलईडी चिकटवलाय तिथे बाहेरून चक्क पिवळा गोळा दिसतोय. दिवेवाली यानं करणाऱ्यांची ही कायमची तक्रार. तिच्यावर ठरलेला सल्लाही कायमचा: ‘आतून काळा मारा.’

सल्ला चूक नाही, अर्धा आहे. काळा मारूनही गळती राहते, मग दुसरा हात, तिसरा हात, रंगाचा थर इतका जाड होतो की दोन भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि वलय तिथल्या तिथेच. कारण प्रकाशाला बाहेर यायच्या वाटा तीन आहेत: प्लास्टिकच्या भिंतीतून आरपार, खिडकीच्या भोकाच्या कडेतून, आणि दोन भागांच्या सांध्यातून. भिंतीवर कितीही काळा मारला तरी उरलेल्या दोन वाटा उघड्याच राहतात. तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी आपल्याकडे नेमकी कुठली वाट वाहतेय ते शोधायचं.

उदाहरणाला पोलर लाइट्स या किट कंपनीचं 1/1000 मापातलं जुनं एंटरप्राइज, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं जहाज, घेऊ, कारण बरेच जण दिव्यांची सुरुवात त्यावर करतात. गोष्टीतलं जहाज 289 मीटर लांब, म्हणजे मॉडेल जेमतेम 29 सेंटिमीटर. बशीचा व्यास पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. या मापात अर्ध्या मीटरची खिडकी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं भोक. आता गंमत बघा, सांध्यात फक्त 0.2 मिलिमीटरची फट राहिली तर ती जहाजाच्या हिशेबात 20 सेंटिमीटरची चीर झाली, आणि तीही बशीच्या पूर्ण परिघावर. डोळ्याला ते खटकणारच. याच जहाजाचं 1/350 मापातलं किट 82 सेंटिमीटरच्या पुढे जातं. तिथे खिडक्या मोठ्या, आत हात घालायला जागा, त्यामुळे काम खरं तर सोपं. लहान किट स्वस्त म्हणून नवशिक्यांना सुचवलं जातं, पण दिव्यांच्या बाबतीत लहान किटच जास्त छळतं.

आधी टॉर्च, मग ब्रश

भाग चिकटवण्यापूर्वी मास्किंग टेपने तात्पुरते जोडा. आत एक प्रखर एलईडी सोडा, शेवटी जेवढा उजेड ठेवणार त्याच्या दुप्पट तरी. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण तो आत मावत नाही. सुटा भाग पालथा घालून खालून धरायचा असेल तरच त्याचा उपयोग. खोली पूर्ण अंधारी करा आणि पाचेक मिनिटं नुसते बसा. ही पाच मिनिटं टाळू नका. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय बारीक गळती दिसत नाही, आणि मग नेमकी ती प्रदर्शनात किंवा फोटोत दिसते.

काय दिसतंय त्यावरून निदान होतं. सगळा पृष्ठभाग सारखा, मंद उजळत असेल तर भिंत. एकाच जागी गोळा दिसत असेल तरी भिंतच, पण तिथे एलईडी फार जवळ आहे. खिडकीभोवती वलय असेल तर भोकाची कड. रेघ असेल तर सांधा, पण सांध्याच्या रेघेतही दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, त्याकडे पुढे येतो. मॉडेल तिरपं करून पाहिल्यावर रेघ नाहीशी होत असेल तर ती फट आहे, कारण फटीतून प्रकाश सरळ रेषेत येतो. कुठल्याही कोनातून तशीच दिसत असेल तर ते चमकणारं प्लास्टिक आहे.

जिथे जिथे गळती दिसते तिथे पेन्सिलीने खूण करा. दिवे लावल्यावर ती जागा आठवत नाही.

भिंत

किटचं प्लास्टिक, म्हणजे पांढरं किंवा फिकट करडं पॉलिस्टायरीन (स्टायरीन), मुळात अर्धपारदर्शक असतं. भिंत मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असली तरी आतला एलईडी तिला उजळतोच. इथे काळा रंग हाच उपाय, फक्त क्रम महत्त्वाचा. आधी काळा, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळा प्रकाश अडवतो, वरचा पांढरा तो परत आत फेकतो, म्हणून कमी करंटमध्ये खिडक्या जास्त उजळतात. उलटा क्रम लावला, म्हणजे पांढऱ्यावर काळा, तर गळती थांबते पण आतला सगळा प्रकाश काळा रंगच गिळतो. मग खिडक्या मंद दिसतात म्हणून आपण करंट वाढवतो, आणि करंट वाढला की उरलीसुरली गळती पुन्हा डोकं वर काढते.

नुसता चंदेरी पुरतो असं सांगणारे भेटतील. चंदेरी रंग अडवतो खरा, पण हात सारखा बसला नाही की जिथे पातळ तिथे उजळतं. मी काळ्याशिवाय चंदेरी मारत नाही.

काळा कुठला मारायचा? आत कोण बघणार आहे, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे कॅन चालतो. मात्र कॅन जवळ धरून एकदम ओला हात मारू नका. लॅकरमधलं थिनर स्टायरीन खातं आणि पातळ भिंत वाकडी होऊ शकते. दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, ती बाहेरच्या रंगाला घातक, आतल्या काळ्याला मात्र काही फरक पडत नाही. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये आतलं काम उरकून घ्यावं आणि बाहेरचा रंग उघडीप मिळेल तेव्हा. ब्रशने फेव्हिक्रिलचा काळा मारला तरी चालतं, फक्त गुळगुळीत प्लास्टिकवर तो नखानेही सुटतो, म्हणून आधी पॉलिश पेपरने भिंत खरवडून घ्या.

रंग धारदार कोपऱ्यांवरून मागे सरकतो, हे लक्षात असू द्या. बशीच्या आतल्या कडा, भाग जुळवायच्या खुंट्या, बशी आणि धड जोडणाऱ्या मानेचा बारीक खोबणीसारखा भाग, इथे स्प्रे पोचत नाही आणि पोचला तरी थर पातळ राहतो. स्प्रेनंतर या जागा ब्रशने वेगळ्या भरायच्या. किती हात पुरतात ते बघायला जुना पांढरा प्लास्टिकचा चमचा घ्या, त्यावर एक, दोन, तीन हातांचे पट्टे मारा आणि मागून टॉर्च धरा. किटवर प्रयोग करण्यापेक्षा हे बरं.

ॲल्युमिनियमची चिकटपट्टी हा स्प्रेला उत्तम पर्याय आहे. प्रकाश शंभर टक्के अडतो, परावर्तनही मिळतं. पण ती वीजवाहक आहे. बारीक इनॅमल वायरचं आवरण तिच्या कडेवर घासलं की शॉर्ट, आणि तो शॉर्ट नेमका सांधा चिकटवून वाळल्यावर होतो. पट्टी वापरायचीच असेल तर सोल्डरचा प्रत्येक टाका नेलपॉलिशने झाका आणि वायर पट्टीच्या कडेवरून नेऊ नका.

जुन्या जहाजांचा एक किस्सा इथे शोभतो. एंटरप्राइजचं चित्रीकरणासाठी 1964 मध्ये बनलेलं मूळ मॉडेल साडेतीन मीटरच्या थोडं आत, आणि मुख्यतः लाकडाचं. भिंतीतून प्रकाश झिरपायचा आपला निम्मा त्रास त्यांना नव्हताच. पहिल्या चित्रीकरणाच्या वेळी त्यात दिवे नव्हते, ते नंतर बसवले. वायरी डाव्या बाजूने आत नेल्या, म्हणून ती बाजू अर्धवट राहिली आणि कॅमेरा बहुतेक उजवीकडूनच फिरला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे ते 1974 पासून आहे आणि 2016 मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली, तेव्हा आत एलईडी बसवले. सांगायचं कारण असं की एक बाजू भिंतीकडे ठेवायची मुभा आपल्यालाही आहे. वायर, स्विच, दुरुस्तीची खिडकी सगळं एकाच बाजूला ढकला. शेल्फवर ठेवलेल्या मॉडेलच्या मागे जाऊन कोणी बघत नाही, आणि बघितलंच तर तो आपल्यातलाच असतो.

भोकाची कड: खरा चोर

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण आधी आतून काळा-पांढरा मारतात आणि मग खिडक्यांची भोकं पाडतात, म्हणजे रंग भोकात जात नाही, काम स्वच्छ दिसतं. पण ड्रिल रंगाचा थर भेदून जातं तेव्हा भोकाच्या आतली भिंत कोरी, पांढरी, उघडी राहते. प्रकाश त्या कोऱ्या कडेतून प्लास्टिकच्या जाडीत शिरतो आणि आतल्या काळ्या व बाहेरच्या करड्या रंगाच्या मधून आडवा पसरतो. तेच ते वलय. अर्ध्या मिलिमीटरच्या खिडकीभोवती दोन-अडीच मिलिमीटरचा धुरकट गोल दिसतो आणि आपण आतून आणखी एक हात मारतो. त्या हाताचा काडीचाही उपयोग नाही, कारण प्रकाश भिंत ओलांडतच नाहीये, भिंतीच्या पोटात शिरलाय.

उपाय सोपा, वेळखाऊ. भोकं आधी पाडा, काळा नंतर मारा, आणि पातळ काळा रंग भोकातून जाऊ द्या. तो कडेला लागला पाहिजे, भोक बुजता कामा नये. बुजलं तर टूथपिकने किंवा त्याच मापाच्या ड्रिलने, हाताने, हलकेच मोकळं करा. जोर लावून फिरवलं तर कडेचा रंग निघून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आधीच भोकं पाडून झाली असतील तर बारीक ब्रशच्या टोकावर पाण्यासारखा पातळ काळा घेऊन भोकाला नुसता टेकवा. केशाकर्षणाने तो स्वतः कडेवर पसरतो. बाहेर आलेला ओघळ लगेच ओल्या कापडाने पुसा. पांढरा थर मात्र भोकात जाऊ देऊ नका.

किटमध्ये खिडक्यांसाठी पारदर्शक सुटे तुकडे असतील तर त्यांच्याही कडा काळ्या करायच्या, फक्त समोरचा आणि मागचा चेहरा मोकळा ठेवून. नॅसेलच्या (मागच्या दोन लांब इंजिन-नळ्यांच्या) पुढच्या घुमटांना आणि बशीवरच्या ब्रिजच्या, म्हणजे नियंत्रणकक्षाच्या, घुमटाला हेच लागू. त्या घुमटांच्या बुडाच्या कडेतून जेवढी गळती होते तेवढी बशीतून होत नाही.

भोकं भरायला पांढरा गोंद किंवा यूव्ही रेझिन. फायबर (प्रकाश वाहून नेणारी बारीक प्लास्टिकची तार) वापरत असाल तर सुपरग्लू त्याच्या आसपासही नको. फायबर त्याने ठिसूळ होतं आणि वाकवल्यावर काडीसारखं तुटतं, तेही आत. फायबर काटकोनात वाकवलं तर वाकलेल्या जागेतून बाजूला प्रकाश सांडतो, म्हणून वळण मोठं ठेवा. एलईडी आणि फायबरची जुडी एकाच काळ्या श्रिंक ट्यूबमध्ये बंद केली की अर्धी कटकट मिटते.

सांधा

सांध्यावरच्या रेघेचे दोन प्रकार वर म्हटले. फट असेल तर ती भरायची: बाहेरून पुट्टी, आतून एमसील. एमसील जाड आणि अपारदर्शक, म्हणून आतल्या बाजूला उत्तम. पांढरी पुट्टी पातळ थरात उजळते, त्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नका.

दुसरा प्रकार फसवा. प्लास्टिक सिमेंट रंगावर धरत नाही, त्याला कोरं प्लास्टिक वितळवावं लागतं, म्हणून आपण जोडायच्या कडेवरचा काळा रंग कटरने खरवडतो. बरोबरच करतो. पण खरवडताना आतल्या बाजूचाही मिलिमीटरभर पट्टा कोरा होतो. सांधा घट्ट बसतो, फट नसते, तरी रेघ दिसते, कारण तो कोरा पट्टा प्रकाश पितोय आणि बाहेर देतोय. आता बाहेरून पुट्टी भरा, घासा, पुन्हा रंगवा, रेघ हलणार नाही. भरायला फटच नाहीये!

यावर आतून पडदा लागतो. एका अर्ध्या भागाच्या आतल्या कडेला तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी अशी चिकटवा की ती सांध्याच्या पलीकडे दीड-दोन मिलिमीटर डोकावेल. दुसरा अर्धा भाग तिच्यावर येऊन बसतो आणि थेट प्रकाश कोऱ्या पट्ट्यापर्यंत पोचत नाही. पट्टी स्टायरीनची असो की जाड काळ्या कार्डपेपरची. कार्डपेपर बशीच्या गोलाईवर छान वळतो, आणि मग सुपरग्लूने भिजवला की कडक होतो. चिकटवल्यावर पट्टी काळी करायची, आणि कोरडी जुळणी पुन्हा करून बघायची, कारण पट्टी जरा जाड झाली की बशी मिटत नाही.

उजेड कमी करा

गळतीच्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त दिसणारा दोष रंगाचा नसतोच, एलईडी प्रमाणाबाहेर प्रखर असतो. एलईडीवर 20 मिलिअँपिअर लिहिलंय म्हणून तेवढे द्यायलाच हवेत असं नाही. मॉडेलमध्ये 2 ते 5 मिलिअँपिअर भरपूर होतात. पांढऱ्या एलईडीला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. 5 व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर उरलेले 2 व्होल्ट रेझिस्टरने खायचे: 390 ओहमला साधारण 5 मिलिअँपिअर, 1 किलोओहमला 2. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 390 पासून 4.7 किलोओहमपर्यंतचे दहा-दहा रेझिस्टर एकदम घेऊन ठेवा, चिल्लरीत येतात, आणि ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पट्टी) बदलून बदलून उजेड ठरवा. वॉर्म व्हाइट घ्या. कूल व्हाइट निळसर दिसतो आणि खिडक्यांमागे माणसं राहत असल्यासारखं वाटत नाही.

एलईडीचं तोंड खिडक्यांकडे नको. उलट्या दिशेला, पांढऱ्या भिंतीकडे वळवा, म्हणजे परावर्तित प्रकाश सगळ्या खिडक्यांत सारखा जातो आणि तो पिवळा गोळाही जातो. 3 मिलिमीटरचा गोल एलईडी मागूनही उजेड सांडतो, त्याच्या पाठीला काळा ठिपका द्या. नॅसेलमधली लुकलुक खिडक्यांत दिसत असेल तर मानेत आणि नॅसेल धरणाऱ्या खांबांत काळ्या कार्डचं विभाजन टाका, वायरीपुरतं भोक ठेवून.

विजेच्या दोन-तीन तक्रारी गळतीच्या नावाखाली येतात, त्या इथेच सांगतो. लाल आणि पांढरा एलईडी एकाच रेझिस्टरवर समांतर जोडला तर लाल पेटतो, पांढरा पेटत नाही. लालला 2 व्होल्टच पुरतात, म्हणून सगळा करंट तोच ओढतो. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या. पॉवर बँकेवर मॉडेल अर्ध्या मिनिटात विझतं, तर दोष बहुधा तुमच्या सोल्डरचा नाही. इतक्या कमी करंटला काही पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद होतात. साधा चार्जर लावून बघा. 12 व्होल्टची एलईडी पट्टी 9 व्होल्टच्या बॅटरीवर मिणमिणते, कारण तीन-तीन एलईडी एका सरीत असतात आणि त्यांनाच 9 व्होल्ट लागतात. एरवी हा दोष, पण मोठ्या मॉडेलमध्ये मंद उजेड हवा असेल तर हीच युक्ती म्हणून वापरता येते.

सांधा बंद करण्याआधी सगळे दिवे रात्रभर चालू ठेवा. सुटायचा तो टाका तेव्हाच सुटू दे.

फोटोचंही एक. मोबाइलचा नाइट मोड काही सेकंदांचा उजेड साठवतो आणि डोळ्याला न दिसणारी गळती ठळक करून दाखवतो. फोटोत रेघ दिसली म्हणून लगेच मॉडेल उघडू नका, आधी अंधारात स्वतः बघा. फोटो काढताना खोलीत थोडा उजेड ठेवा आणि एक्स्पोजर हाताने खाली ओढा. फोटोत आडवे पट्टे आले तर ती गळती नव्हे, डिमर सर्किट एलईडीला झपाट्याने चालू-बंद करतंय आणि कॅमेरा ते पकडतोय.

आणि सगळं चिकटवून, रंगवून झालं असेल तर?

आधी करंट कमी करा. रेझिस्टर बाहेर, स्टँडमध्ये ठेवला असेल तर ही दोन मिनिटांची दुरुस्ती आहे, आणि निम्म्या मॉडेलांना एवढीच पुरते. रेझिस्टर आत असेल तरी स्टँडमध्ये सगळ्यांना मिळून आणखी एक छोटा व्हेरिएबल रेझिस्टर टाकता येतो. लाल आणि पांढरे एकाच लाइनवर असतील तर त्याने पांढरे आधी मंदावतील, तेवढं चालवून घ्या.

सांध्याची रेघ राहिली तर पातळ काळा इनॅमल वॉश (थिनरने पाण्यासारखा केलेला रंग) सांध्याच्या खाचेत सोडा. खरी फट असेल तर तो आत शिरतो. बाहेरचा रंग ॲक्रिलिक असेल तर सांडलेला वॉश पुसता येतो, लॅकर असेल तरी चालेल, पण खाली इनॅमल असेल तर त्यालाच थिनर उचलेल, तिथे ॲक्रिलिक काळा वापरा.

चमकणारी भिंत किंवा कोरा पट्टा बाहेरूनच झाकावा लागतो. खिडक्यांवर द्रव मास्कचे (वाळल्यावर सोलून काढायचा द्रव) ठिपके द्या, दिवे पूर्ण प्रखर ठेवून पेन्सिलीने उजळणारा भाग आखा, तेवढ्यावरच काळ्याचे एक-दोन पातळ हात, मग मूळ करडा. काळ्यावर करडा बसायला जास्त हात लागतात आणि पॅनलच्या रेषा बुजतात, म्हणून सगळ्या जहाजावर हा प्रकार करू नका. डेकल (किटमधली पाण्याने लावायची छापील चित्रं) लागलेल्या असतील तर त्या भागापुरत्या नव्या लावायची तयारी ठेवा. डेकलवर मास्किंग टेप ओढली तर ती टेपबरोबरच येते. करडा वाळला की मास्कचे ठिपके काढण्याआधीच दिवे लावून बघा, कारण काही राहिलं असेल तर खिडक्या पुन्हा झाकत बसावं लागत नाही.